महिपतीचं कुटुंब

शनिवार, १८ फेब्रुवारी १९८९. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पेण तालुक्यातल्या निगडोली गावात, हैबतरावांच्या खळ्याच्या कडेला, एका काळ्या दगडावरचं पिवळं कापड बाजूला झालं. हजर माणसं साठ. त्यांतल्या एकोणसाठांनी टाळ्या वाजवल्या.

साठाव्या विमलबाई. वय सहासष्ट, निगडोलीच्या शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. हा दगड बसावा म्हणून चार वर्षांत त्यांनी एकवीस पत्रं लिहिली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि दगड पुन्हा वाचला. अक्षर सुरेख होतं. शुद्धलेखन बिनचूक होतं. चुकलं होतं ते फक्त माणूस.

"एकोणिसाव्या शतकात या गावी महिपती कुटुंबाने मराठी कवने रचली. त्यांच्या स्मृतीस अभिवादन."

दगडाच्या दोन्ही अंगांना हैबतरावांच्या भावकीतले चौदा बाप्ये फेटे बांधून फोटोला उभे होते. मधोमध खुद्द हैबतराव, महिपतीचे पणतू. त्यांनी छाती इतकी पुढे काढली होती की फोटोवाला त्यांना दोनदा मागे सरकवत होता.

"अहो, कुटुंब म्हणजे बायको!" विमलबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिवलंय, छोटं कुटुंब सुखी कुटुंब. म्हंजी बायको बुटकी पायजे काय?"

आता हशा असा उसळला की पाहुण्यांनाही रुमाल तोंडाला लावावा लागला. विमलबाईंनी विनोद केला असं सगळ्यांनी धरलं. सभा संपली, पोहे वाटले गेले. विमलबाईंनी आपले पोहे शेजारच्या मुलीला दिले आणि त्या घरी गेल्या. त्यांना एक कागद शोधायचा होता.

गोष्ट चार वर्षांपूर्वी सुरू झाली होती. शाळेची कौलं उतरवून पत्रे घालायचे ठरले तेव्हा माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली. पेटीत जुन्या हजेऱ्या, वाळवीने अर्धा खाल्लेला नकाशा आणि सोळा पानांची एक शिळाछाप पुस्तिका होती. शके १८०३ ची, म्हणजे एकशे चार वर्षांची. पहिल्या पानावर लिहिलं होतं: "नांवें घेण्याचीं कवनें. मौजे निगडोली तालुके पेण येथील महिपती बिन बाबाजी यांचे कुटुंबाकडून जाहलीं तीं स्त्रियांचे उपयोगासाठीं छापिलीं असत." खाली लिहून घेणाऱ्या शाळामास्तराची सही होती.

आत एकेचाळीस उखाणे. जिथे नवऱ्याचं नाव यायचं तिथे मास्तराने 'अमुक' घातलं होतं. पुस्तिका बाजारात विकायची होती. जिने विकत घ्यावी तिने आपल्या मालकाचं नाव त्या जागी बसवावं, असा हिशेब. विमलबाईंनी पहिला उखाणा हैबतरावांच्या बायकोला, धोंडुबाईंना, वाचून दाखवायला घेतला, तर दुसरी ओळ त्या बोलायच्या आत धोंडुबाईंनीच म्हणून टाकली. गावातल्या बायकांना निम्मे उखाणे तोंडपाठ होते. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात तेच चालत होते. ते कुणी रचले हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याचा हंडा कुणी घडवला हे कोण विचारतं?

विमलबाईंनी विचारलं. एका शेतकऱ्याच्या बायकोने, जिला लिहिता येत नव्हतं, एकेचाळीस कवनं जुळवली आणि ती शंभर वर्षं टिकली. तिच्या नावाचा दगड गावात असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ऐतिहासिक स्मृतिशिला बसवणारी एक समिती पेणला होती. पत्रं सुरू झाली.

घरी येऊन त्यांनी आपल्या पहिल्या अर्जाची नक्कल काढली. जन्मभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं की उतारा जसाच्या तसा उतरवावा, स्वतःचं काही घालू नये. त्याच नेमाने त्यांनी अर्जात पुस्तिकेचेच शब्द उचलले होते: "महिपती बाबाजी यांचे कुटुंबाकडून झालेल्या कवनांच्या स्मरणार्थ." विमलबाईंच्या सासऱ्यांच्या पिढीत माणूस बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायचा. त्यांच्या कानाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. आणि ज्याने अर्ज वाचला त्याच्या कानाला तो शब्द फक्त रेशनकार्डावरचा.

एकवीस पत्रांपैकी एकाही पत्रात 'पत्नी' किंवा 'कवयित्री' असा शब्द नव्हता. त्यांनी एकवीसही तपासली.

"शंभरपैकी शून्य," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सोमवारी अकरा वाजता त्या पेणला समितीच्या ऑफिसात होत्या. सेक्रेटरी सत्तावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला, टेबल स्वच्छ ठेवणारा माणूस. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे बाई, कुटुंब म्हणजे पत्नी?"

"हो."

"मग कुटुंब नियोजन म्हणजे..."

"ते शनिवारी होऊन गेलं. पुढे बोला."

तो ओशाळला. त्याने फाइल काढली, उलटसुलट पाहिली. "दुरुस्ती करता येईल. पण दोन गोष्टी लागतील. शिला हैबतरावांच्या जागेत आहे, तर त्यांची लेखी संमती. आणि दुसरं म्हणजे नाव."

"कुणाचं?"

"बाईंचं. कवयित्रीचं. बिननावाच्या बाईची शिला आम्ही कशी उभी करणार? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल ही माझी आजी. नाव पुराव्यासकट द्या. एकतीस मार्चला या कामाची फाइल बंद होईल. त्यानंतर शिला आहे तशी कायम."

हातात एकोणचाळीस दिवस होते. विमलबाईंना नाव माहीत नव्हतं. पुस्तिकेत ते नव्हतं. परक्या माणसाच्या बायकोचं नाव विचारायचं नाही, एवढा त्या शाळामास्तराचा शिष्टाचार.

ऑफिसातून त्या थेट दगड कोरणाऱ्या गुणाजीकडे गेल्या. मूर्तिकारांच्या आळीमागे त्याची पत्र्याची शेड होती. छिन्नी बाजूला ठेवून तो म्हणाला, "माझ्याकडं टाइप केलेला कागद आला, तसा मी कोरला. मी अक्षर कोरतो बाई, अर्थ कोरत नाय."

"खोडता येईल?"

"दगडावर खाडाखोड? ती तुमच्या पाटीवर." त्याने विडी शिलगावली, विचार केला. "पण दगडाला पाठ असते. तीबी गुळगुळीत केलेली हाय. फिरवा आन् मागं कोरा. नाव काय घालायचं?"

"तेच शोधतेय."

"किती अक्षरी तेवढं सांगा. तेवढी जागा सोडून बाकीचं आखून ठेवतो."

"तेही माहीत नाही."

गुणाजीने त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याच्याकडे नावं घेऊन माणसं आली होती. नुसती रिकामी जागा घेऊन कुणी आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी विमलबाई हैबतरावांच्या ओटीवर बसल्या. हैबतरावांनी दोन दिवसांत कागद छापून घेतले होते. वर लाल शाईत 'कवी महिपती घराणे, निगडोली'. आणि एवढ्यावर ते थांबले नव्हते.

"आता रक्तातच हाय तर बाहेर येणारच," ते म्हणाले. "काल शेतावर बसल्या बसल्या एक झालं. ऐका. निगडोली गाव माझे छान, त्यात आमचे घराणे महान."

"पुढे?"

"पुढचं अजून आलं नाय."

आतून धोंडुबाई चहा घेऊन आल्या. "येवू नको म्हनावं," त्या पुटपुटल्या.

विमलबाईंनी विषय काढला. कुटुंब म्हणजे बायको, कवनं तिची, दगडावर तिचं नाव हवं. हैबतरावांचा चेहरा पडला, पण ते हटेनात. "असं कसं? जुनं घराणं, चार भाऊ, एकत्र बसले आसतील, जुळवली आसतील सगल्यांनी मिळून. कुटुंब म्हंजी कुटुंब."

विमलबाईंकडे एका शब्दाचा जुना अर्थ होता, आणि जुन्या अर्थाला साक्षीदार नसतो. त्या धोंडुबाईंकडे वळल्या. "धोंडुबाई, लग्नात कोणतं नाव घेतलं होतंत?"

"अगो बाई, आता या वयात?" म्हणत धोंडुबाई लाजल्या, नवऱ्याकडे पाठ केली आणि घडाघडा म्हणाल्या:

"भाताला आली लोंबी, पिवळी झाली शेती,
हैबतरावांचं नाव घेते, बाकी काय ती!"

"बाकी काय ती, हे कुठून आलं? पुस्तकात नाही."

"मंग जुलत नाय ना! शेतीला हैबतराव कसा जुलंल? सगल्या बायका कायतरी चिकटवतात शेवटाला. माझी जाऊ 'तेच ते ती' म्हनायची. आमच्या गावात नाव घेनं म्हंजी फाटक्याला ठिगळ."

विमलबाई थबकल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. चार वर्षांत त्यांनी ती पन्नासदा वाचली होती, पण दर वेळी 'अमुक' असंच वाचली होती. आता त्यांनी 'अमुक'च्या जागी पहिल्या पानावरचं नाव ठेवलं.

"भाताला आली लोंबी, पिवळी झाली शेती,
उभी राहते बांधावर, नाव घेते महिपती."

धोंडुबाईंच्या हातातली बशी थांबली. "अगो, ह्ये तर बसलं!"

दुसरा.

"धरमतरच्या खाडीला आली अवसेची भरती,
मचवा लागला धक्क्याला, उतरले महिपती."

तिसरा.

"रागावले तर रागावू देत, घरी येतील राती,
आमटीत मीठ नाही घातलं, ओळखतील महिपती."

"ह्या बाईनं मीठ घातलं नाय!" धोंडुबाई टाळी देऊन हसल्या. "आन् वर सांगते!"

एकामागून एक चाळीस उखाणे झाले. माती, मोती, पणती, नाती, पाती, गणती. चाळीसच्या चाळीस महिपतीवर येऊन टेकत होते. शंभर वर्षं निगडोलीच्या बायका यमकाला ठिगळं लावत होत्या, कारण कपडा एकाच माणसाच्या मापाने बेतलेला होता.

विमलबाईंनी पुस्तिका मिटली. "हैबतराव, एक सांगा. हे तुमच्या घराण्यातल्या पुरुषांनी मिळून रचलं म्हणता. मग तुमचे पणजोबा या खळ्यावर बसून चाळीस वेळा स्वतःच स्वतःचं नाव घेत होते का?"

धोंडुबाईंना हसू आवरेना. चहा नाकात गेला. त्या पदर तोंडावर धरून आत पळाल्या आणि आतूनही त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. हैबतरावांनी मिशी पुसली.

"संमती देतो," ते म्हणाले. "पन आता कागद छापलेत, भावकीत फोटो वाटलेत. घराण्याचं नाव पुसायचं नाय."

"पुसत नाही. गुणाजी दगड फिरवणार. रस्त्याकडे ती आणि तुमच्या खळ्याकडे घराणं."

"खळ्याकडं?" हैबतरावांनी मनात मोजमाप केलं. खळ्यावर पाहुणे बसतात, चहा होतो. "म्हंजी ओटीवरून वाचता येईल."

"चष्म्याशिवाय."

"मंग बरं. तिचं नाव काय व्हतं?"

तोच प्रश्न विमलबाई त्यांना विचारणार होत्या. हैबतरावांना वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं, खापरपणजोबांचं नाव पाठ होतं. पणजीला घरात 'थोरली आय' म्हणत आणि गावात 'अष्टमीवाली'. रोह्याजवळच्या, कुंडलिका नदीकाठच्या अष्टमीहून दिलेली, एवढंच.

एकेचाळिसावा उखाणा उरला होता. तो शेवटच्या पानावर, वेगळी रेघ मारून छापलेला. बायकांच्या तोंडी तो कधीच आला नव्हता, कारण तो पुरुषाने, बायकोचं नाव घालून, घ्यायचा होता. आणि गावातल्या पुरुषांनी पुस्तिका पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, तांदूळ निवडायचे सोडून, विमलबाईंनी तो वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

"माहेर आठ कोसांवर, मन कुंडलिकेपाशी,
उद्या जुंपतो गाडी, आता हस गो अमुक."

त्यांनी ओळखीच्या बायकांची नावं एकेक करून तिथे बसवली. हस गो सोनी. हस गो शांती. हस गो जानी. एकही जुळेना. मग त्यांनी 'पाशी' हा शब्द मोठ्याने म्हटला आणि पुढचं नाव आपोआप तोंडातून निघालं.

"हस गो काशी."

त्या गुरुवारीच पेणला गेल्या. गुणाजीने ओळ दोनदा म्हणून पाहिली, मान डोलावली, मग शंका काढली, "तुळशीबी जुळतं."

"अर्धं जुळतं. मीठ न घालता वर तेही उखाण्यात सांगणाऱ्या बाईचं यमक अर्धं नसतं."

"मंग दोन अक्षरं. काशी. माझ्या मापानं अकरा बोटं." त्याने खडूने दगडाच्या कागदी नकाशावर चौकट ओढली. "पन बाई, सरकारी काम हाय. ते म्हनतील कागद आना."

कागद मिळालाच तर अष्टमीत मिळेल, असं विमलबाईंनी ठरवलं. सोबतीला धोंडुबाई तयार झाल्या. हैबतराव म्हणाले, "तू कशाला?" तर धोंडुबाई म्हणाल्या, "माझ्या आजेसासूच्या सासूच्या माहेरला. तुमी जावयाकडचे लागता तिथं, तुमाला लाज वाटंल." ४ मार्चला सकाळी कासूहून दोघी रोह्याच्या गाडीत बसल्या. रेल्वे येऊन तीन वर्षं झाली होती; धोंडुबाई त्यात पहिल्यांदाच बसत होत्या, आणि नागोठणं मागे पडेपर्यंत त्यांनी खिडकीची दांडी सोडली नाही.

अष्टमीत तीन घरांतून 'आमच्यातली कुणी निगडोलीला दिलेली नाही' असं उत्तर मिळालं. चौथ्या घरी पुढच्या दारात एक म्हातारी कडवे वाल सोलत बसली होती. इंदुबाई. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट. निगडोली म्हणताच त्यांनी सोललेल्या वालांचं सूप बाजूला केलं.

"निगडोलीची आत्या! गाणी जुळवणारी! माझी सासू सांगायची. नवरा रागावला का ही आमटी अळणी करायची."

धोंडुबाईंनी विमलबाईंच्या कोपराला चिमटा काढला.

"नाव काय होतं त्यांचं?" विमलबाईंनी विचारलं.

"शकू."

"शकू? काशी नाही?"

"काशी कोन? शकू. आमच्यात तेव्हापासून पिढीला एक शकू ठेवतातच. माझी नणंद शकू, माझी नात शकू. ती बघा, ती चालली हंडा घेऊन, ती शकू."

विमलबाई खाली बसल्या. यमक एक सांगत होतं आणि घर दुसरं. हातात आलेलं नाव निसटल्यासारखं त्यांना झालं. त्यांना हसावं की रडावं कळेना, तेवढ्यात धोंडुबाईच बोलल्या.

"त्यात काय गो एवढं? माहेरची शकू, सासरची काशी. लग्नात तांदळात नाव लिवतात ते इसरलीस काय? मला माहेरी जनू म्हनायचे."

"तुम्हाला?"

"मंग? धोंडू काय माझा बाप मला म्हनत व्हता? धोंडू ह्यांनी ठेवलं. आई गेली, भाऊ गेला, आता जनू म्हनणारं कोन उरलं नाय. मीच कदी कदी चुलीपुढं म्हनते, जनू, दूध उतू जातंय." आणि त्या पुन्हा हसल्या.

विमलबाईंनी तिथेच लिहून काढलेल्या निवेदनावर इंदुबाईंनी अंगठा उठवला. कुळथाचं पिठलं आणि भात खायला लावल्याशिवाय त्यांनी दोघींना उठू दिलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीची जागा रिकामी होती. विमलबाई म्हणाल्या, "जनू, तू बस तिकडे."

धोंडुबाईंनी आधी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून. मग त्या खिडकीशी बसल्या आणि कासू येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. त्या एवढा वेळ गप्प बसल्याची दुसरी नोंद नाही.

पुढचे तीन आठवडे विमलबाईंनी तिसरा पुरावा शोधला. निगडोलीच्या जुन्या कागदांत महिपतीचं नाव सात ठिकाणी होतं. त्याच्या बायकोचं एकाही ठिकाणी नव्हतं.

गुरुवारी, ३० मार्चला, दुपारी बारा वाजता त्यांनी अर्ज दिला. सोबत हैबतरावांची संमती, 'कवी महिपती घराणे' छापलेल्या कागदावर. अर्जात या वेळी 'पत्नी' हा शब्द तीनदा आणि 'कवयित्री' चारदा होता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: सासरचे नाव काशी, पुरावा यमक, माहेरचे नाव शकू, पुरावा इंदुबाई यांचे निवेदन.

सेक्रेटरीने ते वाचलं. मग त्याने चष्म्यावरून विमलबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही येऊन गेल्यावर मी रविवारी घरी गेलो होतो. आईला विचारलं, कुटुंब म्हणजे काय. ती म्हणाली, तुझे आजोबा आजीला कुटुंबच म्हणायचे, आणि तू एवढा शिकून हे विचारतोस. बायकोसमोर म्हणाली."

"मग?"

"मग काही नाही. बायको आता मला विचारते, कुटुंबासाठी आज भाजी काय आणणार." त्याने घसा साफ केला. "पण यमक हा पुरावा कसा धरणार? आणि नावं दोन. मला मंजुरी देता येणार नाही. नामंजूर केलं तर उद्या फाइल बंद."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत विमलबाई एक गोष्ट शिकल्या होत्या. पोरगा उत्तराच्या जवळ आला की मास्तरीण बाईने गप्प बसावं.

सेक्रेटरीने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग समासात हिरव्या शाईने त्याने शेरा लिहिला आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

"यमक हे नावाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल काय, तसेच विवाहित स्त्रीच्या दोन नावांपैकी कोणते नाव शिलेवर कोरावे, याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन व्हावे."

"याने काय होईल?"

"मार्गदर्शन मागवलं की फाइल बंद करता येत नाही. उत्तर येईपर्यंत काम चालू धरतात." तो पहिल्यांदाच हसला. "आमच्याकडे एक फाइल मार्गदर्शनासाठी गेली ती नऊ वर्षं चालू आहे. दगड फिरवायला मात्र हरकत नाही. नावाची जागा तेवढी सोडा."

१४ एप्रिलला सहा माणसांनी दगड फिरवला. खळ्याकडे घराणं गेलं. हैबतराव पाहुण्यांना त्या बाजूला बसवतात आणि आपल्या कवनाची पुढची ओळ अजून आलेली नाही, हेही सांगतात. रस्त्याकडच्या बाजूला गुणाजीने कोरलं: "मौजे निगडोली येथील महिपती बाबाजी यांच्या पत्नी, कवयित्री" आणि मग अकरा बोटं गुळगुळीत दगड, आणि मग "यांनी शके १८०३ मध्ये नावे घेण्याची एकेचाळीस कवने रचली." शकू असो वा काशी, अक्षरं दोनच. गुणाजीचं माप दोन्हीला पुरतं.

मे महिन्यात गावात चार लग्नं झाली. चारही नवरींना दगडासमोर थांबवून बायकांनी नाव घ्यायला लावलं. एका नवरीच्या नवऱ्याचं नाव मारुती निघालं. त्या दिवशी ठिगळ लावावं लागलं नाही आणि धोंडुबाईंनी तिची दृष्ट काढली.

२१ ऑगस्टला वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. मार्गदर्शन नव्हतं. त्यात एवढंच होतं: "संदर्भीय प्रकरणी यमकाची साक्षांकित प्रत जोडलेली दिसून येत नाही. तरी ती दोन प्रतींत सादर करावी."

विमलबाईंनी एकेचाळिसावा उखाणा सुवाच्य अक्षरात दोनदा उतरवला. जसाच्या तसा; 'अमुक'च्या जागी 'अमुक'च. शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन्ही प्रतींवर 'मूळ प्रतीबरहुकूम' असा शिक्का मारला. सोमवार, २८ ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पेणच्या पोस्टातून ते पाकीट रजिस्टरने गेलं. पोच आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.